मावशी आणि मीटरचा लाल दिवा

"लाल लागना का?"

पहिली ओळ गाऊन झाली की मावशी डोळे न उघडताच हे विचारायची. पदर कमरेला खोचलेला, डावा तळहात कानावर, उजवा हात रिक्षा थांबवल्यासारखा हवेत. दिवा लागला की नाही हे तिला स्वतः बघायचं नसायचं, माझ्या तोंडून ऐकायचं असायचं. आणि तो लागलेलाच असायचा.

माझा स्टुडिओ सुरतेत, नवागाममध्ये, पिठाच्या चक्कीच्या वर पहिल्या मजल्यावर आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, एक माईक आणि भिंतींना साड्यांच्या गाठोड्यांतला फोम. हळदीची गाणी, जयंतीची गाणी, दुकानांच्या उद्घाटनाच्या जाहिराती, जे येईल ते मी रेकॉर्ड करतो. मावशी सख्खी नव्हे; माझी आई आणि ती पूर्वी एकाच खात्यात बॉबिन भरायला होत्या. खातं म्हणजे आमच्याकडे लूम्सचा कारखाना. त्या खडखडाटात शेजारणीला "पाणी दे" म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. आईने खातं सोडल्यावर आवाज आवरला. मावशीला ते कधी जमलं नाही. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच, जी कानात गुपित सांगते आणि ते सगळ्या गल्लीला कळतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी रीतसर समजावून सांगितलं होतं. पडद्यावरची ही पट्टी म्हणजे मीटर. आवाज हिरव्यात असला तर उत्तम, पिवळ्यात गेला तरी चालेल, लाल लागला की संपलं. कॉम्प्युटरला आवाजाची एक हद्द असते. त्याच्या वर गेलेला आवाज तो घेतच नाही, सरळ कापून टाकतो आणि मग गाण्यात चरचर येते. एकदा कापलं गेलेलं परत जोडता येत नाही. मावशीच्या चेहऱ्यावर काही उमटेना, म्हणून मी दाराकडे बोट दाखवलं. म्हटलं, चौकट ठेंगणी आहे आणि माणूस उंच आहे, तर त्याचं डोकं वरच्या लाकडाला आपटणार. इथे नुसतं आपटत नाही, छाटलंच जातं.

"मंग दार मोठं कर ना भाऊ," मावशी म्हणाली. "मनं डोकं काबर कापस?"

माझं डोकं का कापतोस, म्हणे.

गाणं होतं लेकीच्या हळदीचं. मावशीने स्वतः रचलेलं, चांगलं सात-आठ कडव्यांचं. त्यात लेकीची लांब वेणी होती, सुरतचा धागा होता, सासरच्या अंगणातली तुळस होती आणि नवऱ्या मुलाची चारचाकीही होती. मला माहीत होतं की जावईबापूंकडे मोटारसायकल आहे. तसं मी म्हटलंही.

"लेई तो नंतर," मावशी म्हणाली. "गानं काय परत परत करतस का?"

हसून झाल्यावर मी विचारलं की मांडवात बसून स्वतःच का गात नाहीस, इतका दांडगा आवाज आहे, माईकसुद्धा लागणार नाही. मग तिने सांगितलं, आणि तेही नेहमीसारखं मोठ्यानेच. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यात विधवा बाई हळदीच्या पाटाजवळ जात नाही. हळद लावणार थोरली जाऊ. मावशी मागे चुलीपाशी.

"रीत शे भाऊ. मी सैपाकमा ऱ्हासू. पन आवाजले कोन अडावस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला नुसतं गाणं नको होतं. जिथे तिला स्वतःला जाता येत नव्हतं, तिथे तिला आवाज पाठवायचा होता, आणि तो चरचरत, फाटक्यासारखा पोचलेला तिला चालणार नव्हता. मला फार वाईट वाटलं, रीतीचा रागही आला. पण ती माझ्याकडे रीतीवर भाषण ऐकायला येत नव्हती. तिला रेकॉर्डिंग हवं होतं.

मग सुरू झाली आमची रस्सीखेच. लाल लागला की मी माईकचा आवाज कमी करायचो. तो कमी केला की तिच्या हेडफोनमध्येही ती स्वतःला कमी ऐकू यायची. तिला वाटायचं आपणच कमी पडतोय, म्हणून ती आणखी जोर लावायची. पुन्हा लाल. मी पुन्हा कमी करायचो. मी खाली ओढतोय, ती वर ओढतेय, आणि मध्ये ते बिचारं मीटर.

"मावशी, हळू म्हन ना."

"मी तं हळूच गास रे भाऊ!"

आणि खोटं नव्हतं ते. तिच्या हिशेबाने ते हळूच होतं. मी तिला मागे सरकवलं, आणखी मागे सरकवलं. शेवटी ती दारात उभी राहून गायला लागली आणि माईक लांब कोपऱ्यात एकटा पडला. लाल गेला, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला, वर रस्त्यावरच्या भाजीवाल्याची आरोळी ताल धरून आत शिरली. मावशीला भाजीवाला आवडला. मी ते पुसून टाकलं.

हेडफोनमध्ये तिला तिचाच आवाज वाढवून देऊन पाहिला. त्याने थोडा फरक पडला. पण वेणीचं कडवं आलं की तिला राहवायचं नाही आणि पट्टी सरसर लालपर्यंत चढायची. लग्न जवळ येत चाललं. मावशी रोज कामावरून सुटली की जिना चढून यायची, घाम पुसायची आणि कानावर हात ठेवून उभी राहायची. एवढ्या वेळा तेच गाणं म्हणायचा तिला कंटाळा आला नाही. उलट प्रत्येक वेळी नवीन नटूनथटून आल्यासारखी गायची.

एके दिवशी लेक तिला बोलवायला आली. मुलगी कतारगामला एका ऑफिसात कामाला, बोलणं आमच्या इकडच्या पोरींसारखं, अर्धं हिंदी अर्धं गुजराती. आईचं चाललेलं बघून ती हसतच सुटली.

"मम्मी, धीरे से ना! आखी गली सांभळे छे!" म्हणजे सगळी गल्ली ऐकतेय.

मी तिलाच खुर्ची दिली, माईकच्या मागे, आईच्या अगदी समोर. हेडफोन काढून ठेवला. म्हटलं, मावशी, आता मला नको ऐकवू, हिला ऐकव.

मावशीने कानावर हात नेला आणि परत खाली घेतला. डोळेही मिटले नाहीत. ती लेकीकडे बघत गायला लागली, आणि मी मीटरकडे बघत बसलो. हिरवं. पिवळं. परत हिरवं. वेणीचं कडवं आलं तशी पट्टी वर चढली, लालच्या अलीकडे थबकली आणि खाली उतरली. चारचाकी आली तेव्हा लेक गालात हसली, ते हसू गाण्यात बारीकसं ऐकू येतं. शेवटच्या ओळीला पोरगी रडायला लागली. मावशी म्हणाली, "रडू नको वं माय, तो लिखी राहिना." म्हणजे मी ते लिहून घेतोय, असं तिला वाटत होतं.

गाणं मी जीव लावून तयार केलं. ढोलकी हलकी ठेवली, आवाजाच्या वर मोकळी जागा सोडली, कुठे काही दाबलं नाही. उगाच मिरवत नाही, पण तेवढं स्वच्छ काम मी फार कमी वेळा केलंय.

हळदीच्या संध्याकाळी गल्लीत डीजे लागला होता. त्याच्या ॲम्प्लिफायरवरचे लाल दिवे लुकलुकत नव्हते, सरळ जळत होते. मी पेनड्राइव्ह दिला आणि म्हटलं, बाबा रे, जरा खाली घे. डीजेवाला म्हणाला, "भाई, शादी है. लाल में ही तो मजा है."

गाणं सुरू झालं. आधीच्या दणदणाटानंतर ते हळू वाटलं, तरी बायका एकदम गप्प झाल्या. कोण गातंय, कोण गातंय, असं चाललं. पाटावर लेक बसली होती, जाऊबाई तिच्या गालाला हळद लावत होत्या. मागे चुलीजवळ मावशी पुऱ्यांचं पीठ मळत होती आणि मान खाली घालून ऐकत होती. तिचा आवाज मांडवात पोचला होता. मी सुखात होतो.

डीजेवाल्याला मात्र ते पचेना. हळू गाणं म्हणजे त्याच्या धंद्याची बेअब्रू. त्याने बटण गर्रकन फिरवलं. संध्याकाळभर लाल दाखवून दाखवून थकलेल्या ॲम्प्लिफायरने हात टेकले. फट् झालं आणि सगळं बंद पडलं, ऐन वेणीच्या कडव्यात.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हळदीचं गाणं अर्ध्यात तुटणं बरं नाही, असं कुणीतरी पुटपुटलंही. डीजेवाला वायरी उपटतोय, मी त्याला शिव्या घालतोय, आणि तेवढ्यात मागून पुढची ओळ आली.

मावशी उठली होती. पिठाचे हात तसेच, पदर खोचलेला, ती गात गात चुलीपासून पुढे आली. काय तो आवाज! मी तिला इतके दिवस हळू हळू म्हणत होतो, त्याची मला लाज नाही वाटली, हसू आलं. पलीकडच्या गल्लीतली माणसं गच्चीवर आली. मी खिशातला मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. मांडवाच्या कडेला येऊन ती थांबली. पुढे जायचं नाही हे तिच्या पायांना माहीत होतं. गाणं मात्र थांबलं नाही.

थोरल्या जाऊबाईंनी मान वर करून पाहिलं. त्या तशा कडक बाई, त्यांना सगळी भावकी टरकून असते. त्यांनी हळदीचं ताट उचललं, शेजारी जागा केली आणि मावशीच्या पदराला धरून तिला खाली ओढलं.

"आते बठ आठे. गाता गाता लाव."

मावशीने लावली. पिठाच्या हाताला हळद नीट चिकटेना, लेकीच्या गालावर पिवळे गोळे बसले, पोरगी हसतेय आणि रडतेय. मावशीने गाणं सोडलं नाही. उलट वाढवलं.

आता ती इथे नाही. नातू झाला, लेक नोकरी सोडेना, मग त्याला सांभाळायला मावशीच लेकीकडे राहायला गेली. स्टुडिओत नवीन पोरं येतात, मी त्यांना मीटर दाखवतो, हिरवं-पिवळं समजावतो आणि तीही लाल लावतातच.

माझ्याकडे ते स्वच्छ गाणं आहे, पण ते मी फारसं लावत नाही. मी लावतो ते मोबाईलवरचं. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत ते लाल आहे. आवाजाच्या प्रत्येक लाटेचा माथा उडालाय, शब्द कळत नाहीत, टाळ्यांच्या जागी नुसती चरचर आहे. असलं काम कुणी गिऱ्हाईकाने आणलं तर मी हात जोडून परत पाठवीन. पण ते सुधारायला मी कधी घेतलं नाही. मनात आलं की खिडकी उघडतो आणि आहे तसं, पूर्ण आवाजात लावतो. खालचा चक्कीवाला गिऱ्हाईकाला थांब म्हणतो आणि चक्की बंद करतो.