जवळच्यांचा कप्पा

साड्यांचं एक बरं असतं. कितीबी उलगडा, संध्याकाळी घडी घातली की जागेवर! किश्श्यांना घडी नाय. गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात मी चौतीस वर्षं गादीवर बसलो आणि किश्श्यांचा हा ढीग डोक्यात घेऊन रिटायर झालो. त्यातले निम्मे एकाच शब्दाचे: ‘जवळचे’!

आमच्याकडं लग्न ठरलं की बस्ता. म्हणजे सगळ्या पाहुण्यारावळ्यांची कापडं एकाच दिवशी, एकाच दुकानात. दहाबारा बायका, एक यादी, आणि आमचा ठरलेला प्रश्न, "नेसायची का देण्याघेण्याची?" नेसायची असली की वरचा कप्पा, शिडी लावून. देण्याघेण्याची म्हणजे खालचा. ती कुणी नेसत नाय, घडी न मोडता पुढच्या लग्नात पुढच्या बाईला जाते. माणसं तोंडानं काहीही म्हणोत, कोण किती जवळचं ते आम्हाला कप्प्यावरून कळायचं.

*

अजिंठ्याकडच्या एक बाई आल्या. "ही जावेसाठी. लई जवळची हाय, सख्ख्या बहिणीवानी!"

मी शिडीवर चढलो.

"वर कुठं निघाले हो? बहिणीवानी म्हणलं. बहीण नाय!"

*

एक सरकारी बाबू होते, शिकलेले. आल्या आल्या भाषण, "आमच्यात भेदभाव नाही. सगळे सारखेच जवळचे." आणि सगळ्यांना सारखीच साडी घेतली, खालच्या कप्प्यातली! समता ती समता.

निघताना मात्र हळूच म्हणाले, "एक जरा वरची दाखवा. साहेबांच्या मिसेससाठी."

"साहेब नात्यात आहेत?"

"नाही हो. पण बदलीची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे. सध्या तेच सगळ्यात जवळचे!"

*

एकदा नवरदेवाची आत्या समोरच बसलेली. नवरदेवाची आई तिला लाडानं म्हणाली, "वन्सं, तुम्ही काय घरच्याच. तुम्हाला कशीबी चालंल ना?"

"चालंल की," आत्या म्हणाली. "घरचीच हाय म्हणल्यावर रुसन बी घरच्यावानीच!"

हळदीच्या दिवशी सकाळी नवरदेवाचा बाप धापा टाकत दुकानात हजर. "वरची द्या लवकर. आत्या उंबरठ्यावर बसलीय, कुणाला आत जाऊ देईना!"

*

आणि आमचे उत्तमराव. माझ्या शेजारच्या गादीवर बसायचे, रोज बिडकीनहून एसटीनं यायचे. शेठजी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "उत्तमराव नोकर नाहीत हो, घरचेच. सख्ख्या भावापेक्षा जवळचे!" उत्तमराव हे घरी जाऊन बायकोला सांगायचे. सुमनवहिनी एवढंच म्हणायच्या, "बरं. बघू."

शेठजींच्या मुलाचं लग्न ठरलं. बस्ता अर्थातच आमच्याच दुकानात. उत्तमराव खुशीत! वहिनींना सांगूनच आले होते, "बघ, तुला वरच्या कप्प्यातली येती. मोरपंखी."

यादी वाचता वाचता शेठाणीबाई थांबल्या. "उत्तमरावांच्या घरी हो?"

"ते काय परके आहेत?" शेठजी म्हणाले. "उत्तमराव, तुमच्या हातानंच काढा."

उत्तमरावांनी शिडी ओढली.

"अहो, शिडी कशाला?" शेठजी म्हणाले. "खालीच आहेत की!"

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. उत्तमराव वाकले आणि खालून एक साडी काढली. तीस वर्षं झाली होती त्या माणसाला त्या दुकानात! माझा संताप झाला होता, पण मीही नोकरच. मान खाली घालून घड्या घालत राहिलो.

वहिनींनी ती साडी हातात घेतली, घडीवरून हात फिरवला आणि पेटीत टाकली. "बघितलं," म्हणाल्या. हे उत्तमरावांनीच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी चहा पिताना.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. मी म्हणलं, "दुसऱ्या दुकानात जा राव. गुलमंडीत काय कमी दुकानं हायत?"

"ही ऐकत नाय ना! म्हणती, तिथंच जायचं."

त्या दिवशी उत्तमराव गिऱ्हाईक म्हणून समोर बसले. शेठजी स्वतः गादीवर. "आज घरचं कार्य आहे!" असं तीनदा म्हणाले. यादी वहिनींच्या हातात. मामी, मावश्या, नणंदा सगळ्या झाल्या.

"आता एक शेठाणीबाईंना," वहिनी म्हणाल्या.

मनात म्हणलं, आता जिरणार! पेटीतलीच आणली असंल तर आणखी मजा.

"अहो, आम्ही तर घरचेच," शेठजी हसले. "आम्हाला कशाला?" म्हणता म्हणता त्यांचा हात खालच्या कप्प्याकडं गेलासुद्धा.

"तिकडं नाय," वहिनी म्हणाल्या. "नेसायची द्या. मोरपंखी."

उत्तमराव सवयीनं उठले, शिडीकडं निघाले. वहिनींनी बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"तुम्ही बसा."

शेठजींनी माझ्याकडं बघितलं. मी घड्या घालत होतो. मग शेठजी उठले, धोतर सावरलं आणि शिडी चढायला लागले.