गोजरबाईचं सरतं

गोजरबाईबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. आमच्या दोन शेतांमध्ये एकच बांध, तरी आमचं बोलणं फार थोडं. ती आश्रुबाची, माझ्या मित्राची बायको. मी वहिनी म्हणायचो आणि मान खाली घालून पुढं निघायचो. पण तिच्या वेळचं गावात आता दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव बोरीजवळ. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजाम गेला, त्यानंतर काही वर्षांत कापसाला भाव आला आणि आम्ही पार बांधापर्यंत सरकी लावू लागलो. त्याआधी पेरणीला तिफणीमागं घरची बाई चालायची. तिच्या हातात सरतं, म्हणजे दोरीनं तिफणीला बांधलेली बांबूची नळी. त्यातून ती तूर, वाल, अंबाडी, तीळ सोडत जायची. तेवढ्या ओळींवर घराचं वर्षाचं कोरड्यास, म्हणजे भाकरीसंगं खायचं वरण-कालवण, निघायचं. कापूस आला तशी सगळ्यांची सरती माळ्यावर गेली. गोजरबाईनं मात्र आपलं हातातून सोडलं नाही.

आश्रुबा चिडायचा. "लोक हसायलेत मला. हे शेवटचं साल. पुढच्या मिरगाला सरतं चुलीत घालतो बघ."

"घाला. मग भाकर कापसासंगं खा," ती म्हणाली.

त्या सालची येळवस आली. त्या अमावास्येला शेतात पूजा मांडायची आणि आपल्याच शेतातल्या तुरी-वालाच्या ओल्या दाण्यांची भज्जी, म्हणजे मिसळीची भाजी, करायची, ही आमची रीत. बाजारची शेंग चालत नाही. सकाळी बायका टोपल्या घेऊन शेतात आल्या, तर चहूकडं नुसती बोंडं. एकेक करत सगळ्या गोजरबाईच्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. माझी बायकोही त्यात होती.

"न्या की," गोजरबाई म्हणाली. "पर जी नेईल तिनं मिरगाला सरतं धरायचं."

शेजारची दगडाबाई हसली. "तुझंच तर चुलीत जायलंय म्हणं."

सगळ्यांनी आश्रुबाकडं पाहिलं. तो तुरीच्या शेंगा तोडून त्यांच्या टोपल्यांत टाकत होता. मान वर न करता म्हणाला, "त्याची दोरी लय जुनी झालीय. नवी वळावी लागंल."

मृगात गावातल्या एकूण एक तिफणीमागं बाई चालत होती. पोरांच्या ताटात पुन्हा वरण आलं, तिळाची चटणी आली. पाहुण्यांनी शेतं बघून विचारलं, की माझ्यासारखा मुखदुर्बळ माणूसही पुढं होऊन सांगायचा, ही आमच्या गोजरबाईची पेरणी.

आमचं शेवटचं बोलणं झालं तेही बांधावरच.

"भाऊजी, तुमची म्हैस तुरीत शिरायलीय."

"तुमच्या का, वहिनी?"

"तुमच्याच."

"हाकलतो."