एका मिनिटाच्या आत

मोबाइलवर स्वतःला पोहताना बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी पोहत नाही, पाण्यातून चालत जाते. हात व्यवस्थित चालले होते, पण कंबर खाली लोंबत होती आणि डोकं पाण्याच्या वर ताठ, भाजी आणायला निघाल्यासारखं. आमचा प्रशिक्षक माझ्या मुलाच्या वयाचा. व्हिडिओ थांबवून म्हणाला, "काकू, पलीकडे बस सुटतेय का?"

बाकीच्या हसल्या. मी हसले नाही, कारण शनिवार जवळ आला होता.

विरारच्या या तरणतलावावर मी आले ते गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. सकाळची बायकांची बॅच, पाऊण तास, मग घरी जाऊन डबे. पुढे गुडघा मागे पडला आणि मी स्पर्धेच्या सरावाला लागले. प्रौढांच्या राज्य स्पर्धेत चार बायकांची रिले असते, प्रत्येकीने पन्नास मीटर, म्हणजे आमच्या तलावात एकदा जाऊन-येऊन. आमच्याकडे तिघी तयार होत्या, चौथी नव्हती. तिघींत सगळ्यांत मोठ्या म्हणजे वसईजवळच्या पापडी गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना आम्ही टीचर म्हणतो. चौथी मिळाली नाही म्हणून त्यांची स्पर्धा याआधी दोनदा हुकली होती. "पुढच्या वर्षी माझा खांदा काय म्हणेल ते मला माहीत नाही," असं त्या मला एकदा कपडे बदलताना म्हणाल्या होत्या, तक्रार न करता. प्रशिक्षकाने अट घातली होती: शनिवारी मी एका मिनिटाच्या आत आले तर संघ जाईल, नाही तर यंदाही नाही. मी एक मिनिट अकरा सेकंदांवर अडकले होते.

वेळ कमी करायची तर जोर वाढवायचा, असा माझा सरळ हिशेब. दंडांना रबरी पट्टे बांधून व्यायाम केला, लिफ्ट सोडली, रात्रीचा भात बंद केला. पाणी जास्त उडायला लागलं, मी जास्त धापा टाकायला लागले आणि घड्याळ जिथल्या तिथे. एके दिवशी तर अकराचे बारा सेकंद झाले.

प्रशिक्षक म्हणे, मान सोडा, तोंड खाली, नजर तळाच्या काळ्या पट्टीवर. समजायला काहीच अवघड नव्हतं. मी तोंड खाली घालायचे, तीन हात मारायचे आणि मान आपली आपण वर यायची. श्वास संपला म्हणून नव्हे, उगीचच. गुदमरायचं नाही, भीतीही वाटायची नाही. तरी मान वर.

टीचर हे शेजारच्या लेनमधून बघत होत्या. बुधवारी त्या माझ्याजवळ भिंतीला धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "बाय, तू बावखलात शिकलीस ना?"

मी बावखलातच शिकले. वसईच्या वाड्यांमध्ये बागेला पाणी द्यायला गोड्या पाण्याची तळी खोदलेली असत, ती बावखलं. आमच्या बावखलावर हिरवं शेवाळ पसरलेलं, हातभर खालचं दिसायचं नाही. आम्ही पोरं पाठीला सुके नारळ बांधून उतरायचो आणि काठावर कपडे धुणाऱ्या बायका मधूनमधून डोकी मोजायच्या. एक डोकं कमी भरलं की धुणं टाकून सगळ्या उठायच्या. म्हणून नियम एकच, डोकं सतत दिसलं पाहिजे. गंमत म्हणून बुडी मारणाऱ्याला कानाला धरून बाहेर काढत आणि त्याचं पोहणं चार दिवस बंद. नारळ सुटले, पण ती सवय मानेत राहिली. मला ती सवय आहे हेच ठाऊक नव्हतं. पोहणं म्हणजे तसंच, असं मी धरून चालले होते.

टीचरचंही तेच झालं होतं. त्यांच्या वाडीतही तीच शिस्त. मान खाली घालायला त्यांना अख्खं वर्ष लागलं होतं, असं त्यांनी सांगितलं. माझ्याकडे तीन दिवस होते.

"आता वर कोणी मोजत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मोजायचंच असेल तर मी उभी आहे. एकच डोकं आहे, हरवणार नाही."

त्या लेनच्या कडेला उभ्या राहिल्या. मी भिंतीला पाय देऊन निघाले आणि तोंड खाली घातलं. मानेने वर यायला पाहिलं. मी हनुवटी आत ओढली आणि तशीच राहिले.

मग जे झालं त्याला माझ्याकडे अजून नीट शब्द नाहीत. कंबर वर आली. मी आणली नाही, ती आली. पाय हलके झाले आणि समोरचं पाणी, जे मी रोज हातांनी ढकलत होते, ते बाजूला झालं. तळाची काळी पट्टी माझ्याखालून सरकायला लागली. आवाज सगळे थांबले होते. मी कमी हात मारत होते आणि जास्त पुढे जात होते, जे माझ्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. पलीकडची भिंत इतक्या लवकर आली की बोटं तिच्यावर आपटली.

मी उभी राहून मागे बघितलं. लेन तेवढीच होती. पन्नाशी उलटलेलं, दोन बाळंतपणं झालेलं, गुडघ्याची गोळी घेणारं माझं शरीर हे आधीपासून करू शकत होतं, आणि मी त्याला रोज डोक्याने अडवत होते. मला रडू वगैरे आलं नाही. मी प्रशिक्षकाला विचारलं, लेन मोजलेली आहे ना? तो म्हणाला, काकू, मोजलेली आहे.

पुढचे दोन दिवस मान कधी राहिली, कधी राहिली नाही. शनिवारी जाताना ठीक गेले. वळून येताना अर्ध्यावर ती उठली, मी तिला परत खाली घातलं, त्यात थोडा वेळ गेला तो गेलाच. भिंतीला हात लावला आणि वर बघितलं. प्रशिक्षकाने घड्याळ मला न दाखवता टीचरपुढे धरलं. त्यांच्याकडे चष्मा नव्हता. त्यांनी त्याचा हात मनगटाला धरून लांब केला आणि वाचलं.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "पहिली मी जाणार."

तिघींतली एक म्हणाली, पहिली सगळ्यांत वेगवान हवी. टीचर म्हणाल्या, दोन वर्षं थांबले आहे, आता मागे कोणाच्या उभी राहणार नाही. प्रशिक्षक मध्ये पडला आणि त्यालाही दोघींनी गप्प केलं. काठावर तिघांचं जोरात सुरू झालं.

मी पाण्यातच होते. अकरा सेकंद जास्त लागत होते तेव्हा ही भिंत धरून मी धापा टाकायचे, बोलता यायचं नाही. आता श्वास जवळजवळ जागेवर होता. मला ते पटत नव्हतं. छातीवर हात ठेवून खात्री केली. वर अजून क्रम ठरत होता. मी भिंतीला पाय लावले आणि परत निघाले.