आण्णांच्या पंच्याहत्तरीचं रक्त

आण्णांच्या पंच्याहत्तरीला रक्तदान शिबिर घ्यायचं, ही कल्पना माझीच. आण्णा म्हणजे माझे वडील. जामखेडच्या पलीकडच्या आमच्या गावात यायला कुणी डॉक्टर तयार नव्हता, तेव्हा यांनी गाव सांभाळलं. डिग्री नव्हती, शहरात एका डॉक्टरच्या हाताखाली राहून शिकलेले. गोळ्यांवर आमच्या लोकांचा विश्वास नव्हता. सुई टोचली नाही तर डॉक्टरला काही येत नाही, असं तोंडावर म्हणायचे. आण्णांनी टोचलेली त्या वेळची पोरं आता बाप्ये झालेली, शिबिराला हौसेनं रांगेत उभी राहिली, त्यांच्यात मीही होतो. आण्णा खुर्चीत बसून एकेकाला "बिस्कीट खा आधी" म्हणून दटावत होते.

काही आठवड्यांनी रक्तपेढीतून फोन आला. तुमच्या रक्ताबद्दल बोलायचंय, येऊन भेटा. फोनवर काही सांगेनात. मी नगरला गेलो, तर बाकड्यावर आमच्या आळीतला ट्रॅक्टरवाला बसलेला. मला बघून म्हणाला, "पाहुण्याला बघायला आल्तो." मीही म्हणालो, दुकानाच्या मालासाठी आलोय. थोड्या वेळानं माझी चुलतबहीण जिना चढून आली आणि आम्हाला बघून तशीच मागे फिरली. हसू येण्यासारखाच प्रकार होता तो, पण तिघांचीही तोंडं सुकली होती.

आतल्या बाई समजूतदार होत्या. हिपॅटायटिस सी, म्हणाल्या. यकृताचा आजार, रक्तातून पसरतो, वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. पक्की तपासणी करू, असेल तर तीन महिने गोळ्या घ्यायच्या, बहुतेक बरा होतो. मात्र रक्त पुन्हा कधी देता येणार नाही. मी विचारलं, असे किती सापडतात? "रक्त देणाऱ्यांत फार थोडे. बऱ्याच शिबिरांत एकही निघत नाही." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "लहानपणी तुमच्या गावात इंजेक्शनं कोण द्यायचं?"

मी म्हणालो, आठवत नाही.

पक्की तपासणीही तशीच आली आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या मी बायकोच्या कपाटात ठेवायचो. आण्णा रोज चहाच्या वेळी विचारायचे, "आपल्या गावचं रक्त कुनाला लागलं असंल रं?" मी म्हणायचो, लागलं असेल कुणाला तरी. कसलं लागतंय! आमच्या तिघांच्या बाटल्या तर तिथंच फेकून दिल्या होत्या. मला आण्णांचा राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची. घरात ते, ओसरीवर ते, दुकानात गिऱ्हाईक यायचं तेही त्यांची तब्येत विचारत. कुठं तोंड लपवायलाही जागा नव्हती. गावाला तपासून घ्या म्हणायचं, तर कशामुळे ते सांगावं लागणार. न सांगावं, तर माणसं आतल्या आत खराब होत राहणार. तीन महिन्यांत मी बरा झालो, कागदावर तसं आलंही, पण श्वास काही मोकळा झाला नाही.

मग एक दिवस ट्रॅक्टरवाला दुकानात आला. काउंटरवर हात टेकून म्हणाला, "आईचं पोट फुगलंय. डोळं पिवळं झाल्यात. कुनी म्हनतं करनी हाय. तुला काय वाटतं?"

त्याला खरं ठाऊक होतं, मलाही होतं. डॉक्टरांच्या पोराच्या तोंडून ऐकायला आला होता तो. मी त्याला आईला आजच नगरला न्यायला सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं, आणि दुकान उघडं टाकून घरी गेलो.

आण्णा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी समोर बसून शिबिरातून निघालेल्या आजाराचं आणि सुईचं सांगितलं. मला वाटलं चिडतील. निदान नाही म्हणतील. त्यांनी फक्त कुणाकुणाला निघालं ते विचारलं. मला ठाऊक होती तेवढी माणसं मी सांगितली. आधी ट्रॅक्टरवाला, मग चुलतबहीण, मग ट्रॅक्टरवाल्याच्या आईची लक्षणं. माझं सगळ्यात शेवटी सांगितलं.

त्यांनी हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

"तापाची साथ हुती," ते म्हणाले. "मानसं ऊस तोडाया निघाल्याली. ट्रक भरून उभा, मुकादम हॉर्नवर हॉर्न मारतुय. रॉकेल संपलं. दर खेपंला सुई उकळायची कशावर? गरम पान्यात बुडवायची न् टोचायची. ही समदी त्याच रांगंतली."

मी म्हणालो, "आण्णा, त्या वेळी सगळीकडे तसंच चालायचं."

"तू आत तापानं फनफनला हुतास. तुजी आई दारात येऊन म्हनली, आधी पोराला टोचा. मी तिच्यावर वरडलो. म्हनलं, आधी गाव, आपलं घरचं शेवटी." शेंगांचं सूप त्यांनी बाजूला सारलं. "समद्यांचं झाल्यावर तीच सुई घिऊन आत आलो."

ते भिंतीला धरून उठले, पायात वहाणा घातल्या.

"ट्रॅक्टरवाल्याच्या घरी चल," म्हणाले. "गाडी नगरला निघायच्या आत त्याच्या आईला मलाच सांगू दे."