चिवड्याचं मीठ

भाऊबीजेची दुपार आहे. दहीभात खाऊन मी स्वयंपाकघरातच सतरंजी टाकून आडवा झालोय. दिवाळीत यंत्रमाग बंद असतात, त्यामुळे आमच्या इचलकरंजीत एरवी कधी नसते अशी शांतता आहे. ओट्यावर शेजाऱ्यांचे डबे तसेच ठेवलेत. मी त्यांच्याकडे बघत पडलोय. डोळे मिटतात, उघडतात. एकदा उघडतात तेव्हा ओट्याशी शालन उभी आहे.

शालन माझी बायको. श्रावणात गेली. घरात माणूस गेलं की त्या वर्षी कढई चढवत नाहीत, फराळ शेजारी आणून देतात. तसा तो आलाय. पण डबे घेताना मी दार अर्धंच उघडलं. कुणी तिचं नाव काढलं की मला उभं राहवत नाही. "शालनवहिनी असत्या तर..." एवढं ऐकलं की मी दार लोटून घेतो. तिचं नाव तर माझ्या तोंडून श्रावणापासून एकदाही निघालेलं नाही. डबे परत द्यायचे तर दार पुरतं उघडावं लागेल, बोलावं लागेल. म्हणून ते भरलेलेच पडून आहेत.

शालन घरातल्या निळ्या काठाच्या लुगड्यात आहे. पदर खोचलेला. ती एका डब्याचं झाकण काढून वास घेते.

"ही भोकरेवहिनींची भडंग. लसूण बघा केवढा घातलाय. चुरमुरे दिसतायत का त्यात?"

मी पडल्या पडल्याच बघतो. बोललो तर जाईल असं वाटतं.

"आणि हा वरच्या डोंगरे बाईंचा चिवडा. नागपूरकडची माणसं, वाळवलेला कांदा तळून घालतात. तुम्हाला आवडायचा की." ती माझ्याकडे वळते. "अहो, एकाही डब्याला हात लावला नाहीत?"

"भूक नसते."

"लोकांचे डबे अडकवून ठेवलेत. दिवाळीत बायकांना डबे लागतात, कळत नाही?"

तिचा आवाज नेहमीसारखाच आहे. मी उठून बसतो. सतरंजी नाही. मी जिथं जॉबर होतो, माग दुरुस्त करायचो, त्या शेडमध्ये बसलोय, आणि सगळे माग चालू आहेत. पण मागांवर कापड नाही, पातळ पोहे आहेत. पांढरे, ऊन दिलेले, रुंद पट्ट्यासारखे पुढं सरकतायत. खडखडाट ऐकू येत नाही, पोहे सांडल्यासारखा आवाज येतो. शालन दोन मागांच्या मधून चालते, एक पोहा उचलते, बोटांत चुरते.

"अजून कुरकुरीत नाही झाला. आणखी ऊन पाहिजे."

"मागावर पोहे कुठून आले?"

"गिरणीचे पोहे ते, मागावर नाही येणार तर कुठं येणार?" ती हसते. "आमच्याकडे राजापूरला असले नव्हतेच. भात भिजवायचं, भाजायचं, उखळात कांडायचं."

उखळ समोरच आहे. लाल मातीचं अंगण, शेणानं सारवलेलं. शेड कुठं गेली ते मी विचारत नाही. शालन मुसळ उचलते. तिचे हात तरुण आहेत, शेवटच्या आजारातल्या सुया टोचून काळे झालेले नाहीत. लाल पोहे उखळातून उडतात आणि तिच्या पायाशी पडतात.

"आजी ह्यात गूळ-खोबरं कालवायची. झाली दिवाळी. चिवडा मी पहिल्यांदा तुमच्या आईंच्या हातचा खाल्ला. जाड पोहे, तेलात फुलवलेले, वर शेंगदाणे, तिखट. खाताना डोळ्यांतून पाणी."

"आणि तू त्यात साखर टाकलीस. आई महिनाभर बोलली नाही तुझ्याशी."

"आठ दिवस. वाढवून सांगू नका." मुसळ खाली ठेवून ती पदरानं मान पुसते. "नंतर आईंनीच मागून घेतला. मग पातळ पोह्यांचा आला, तेल कमी लागतं म्हणून. मग रेहानानं मक्याच्या पोह्यांचा केला, लेकीच्या वाढदिवसाला. आठवतं?"

रेहाना मुल्ला आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. मला आठवतं. "मला वाटलं, झाडाची वाळकी पानं तळून ठेवलीत."

"तसं तोंडावर म्हणालात तिच्या! काजू-बेदाणे घातले होते तिनं, आणि तुम्ही म्हणता पानं." ती हसता हसता थांबते. "रेहानाचा डबा कुठला?"

"तो पिवळा."

"ती रडली का हो?"

"मी दार लावलं. पाहिलं नाही."

अंगणात ऊन कमी झालंय. आम्ही आमच्या गच्चीवर आहोत, जुन्या साडीवर पोहे पसरलेत आणि ती कडेला बसून त्यातले खडे वेचते. मी तिच्याजवळ बसतो. तिच्या खांद्याला माझा खांदा लागतो की नाही ते मला कळत नाही.

"डब्यात काय घालून देऊ?" मी विचारतो. "रिकामे कसे द्यायचे? आणि घरात कढई तर चढवायची नाही."

"ह्या वर्षी चिमूटभर साखर घाला. पुढच्या वर्षी चिवडा करा."

"मला येत नाही."

"बघा मग."

गच्चीवरच शेगडी आहे. तिनं कढई ठेवलीय. मी म्हणतो, अगं नको, यंदा चालत नाही. ती म्हणते, माझ्यासाठी कसलं सुतक? तेलात मोहरी तडतडते, हिंग, मिरच्या, कढीपत्ता, मग शेंगदाणे. हळद ती शेवटी टाकते. "मीठ ह्या फोडणीतच घालायचं. वरून घातलं की तळाशी जाऊन बसतं, पोह्यांना लागतच नाही. आणि जाळ बारीक. घाई केली की पोहे आकसतात."

"तू थांब. मी परत परत विचारीन."

"भोकरेवहिनींना विचारा. रेहानाला विचारा. सगळ्यांना येतं." झाऱ्यानं ती एक शेंगदाणा काढते, पिवळा, तेलानं चकाकणारा. "आ करा. मीठ बघा."

मी तोंड उघडतो. दाणा जिभेवर पडतो आणि चटका बसतो. मी ओरडतो, "शालन!"

"उघडलं बाई तोंड एकदाचं," ती म्हणते. "मीठ कसंय?"

मी जागा होतो.

खिडकीतून ऊन ओट्यावर आलंय. स्वयंपाकघर आहे तसं. गॅस बंद, कढई फडताळात. मी उठून बसतो. मग ओट्याशी जातो, भोकरेवहिनींचा डबा उघडतो आणि भडंगीची चिमूट तोंडात टाकतो. जिभेच्या शेंड्याला झोंबतं. नुसतं तिखटानं झोंबावं तसं नाही, एकाच जागी. मोरीतल्या आरशापुढं जाऊन जीभ काढतो. शेंड्यावर दाण्याएवढा लाल फोड आहे.

दुपारी मी गार दहीभात खाल्ला होता. चहासुद्धा केला नव्हता.

भडंग परातीत ओततो. डबा घासतो, पुसतो, आत साखर घालतो. दाराची कडी काढून दार पुरतं उघडतो आणि पायरी उतरतो. भोकरेवहिनी त्यांच्या दारातच पणत्या पुसत बसल्यात. मला बघून त्या उठायला लागतात. "बसा, डबा द्यायला आलोय," मी म्हणतो.

"भाऊजी, अहो डब्याची काय घाई होती?" डबा घेताना त्या माझ्याकडे नीट बघतात. "बोबडं का बोलताय? तोंडाला काय झालं?"

"भाजलं."

"कशानं?"

"शालननं मीठ बघायला दिलं होतं."

त्यांच्या हातात पणती तशीच राहते. मी दाराकडे वळत नाही. त्या पदरानं डोळे टिपतात, पायरीवरची जागा हातानं झाडून मला बसायला करतात. मी बसतो.

"मग?" शेजारी बसत त्या विचारतात. "झालं होतं बरोबर?"

"थोडं कमी होतं," मी सांगतो.