यमुनेच्या पाठीमागची जागा

पौष शुद्ध पंचमी, शके १७८६, सोमवार. मुक्काम भातकुली, माझ्या धाकट्या बहिणीचे सासर. हजर : बहीण यमुना, आजारी, तिची सासू सखूबाई, आणि मी. यमुनेचा नवरा गणूजी हजर नव्हता. कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याच्या वाटेवर होता.

वाचकहो, भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर ऐकल्या त्या हसण्यापुरत्या. अमरावतीला कापूसबाजाराजवळच्या एका धर्मशाळेत आजारी गाडीवानांची देखभाल माझ्याकडे असते. रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचे — झोप लागली का, लघवी झाली का, भूक आहे का. मग श्वास पाहायचा. शेवटी पायावर अंगठा दाबायचा. खड्डा राहिला तर सूज. डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते तेवढेच मी मानतो... मानत होतो.

यमुनेच्या पायात अंगठा रुतत होता. आडवी झाली की जीव गुदमरायचा. वैद्यबुवांनी मीठ तोडले, पाणी बेताचे केले, सूज उतरवणाऱ्या घेटुळीच्या पाल्याचा काढा दिला आणि बजावले — हिला निजवू नका, टेकवून बसवा.

पण टेकवायचे कशाला? विलायतेत कापसाला मागणी अशी, की आमच्या मुलखात लोकांनी गाद्या, उशा, लोड उसवून आतला कापूससुद्धा विकला होता. यमुनेनेही दुखणे येण्याआधी हौसेने सगळे उसवले. कुटार, म्हणजे भुसा, भरलेले पोते टोचायचे, सरकायचे. म्हणून आम्ही पाठीला पाठ लावून बसायची पाळी ठरवली. गणूजीने ती सगळ्यांत जास्त केली. पण गाड्या आधीच बोललेल्या, त्याला जावेच लागले.

"दादा, तुयी पाठ मंजे गाडीची फळी हाय," यमुना म्हणायची.

"नवरा येईस्तोवर हीच फळी चालव."

"त्याईची पाठ बरी. पन डुलक्या घेते बसल्या बसल्या!"

त्या दुपारी पाळी सखूबाईंची होती. मी बांधावरून घेटुळी उपटून आणायला गेलो. परत आलो तर सखूबाई अंगणात, हातात दुधाचे भांडे.

"तिच्यामागं कोण आहे?" मी विचारले.

"दूध उतू चाललं म्हनून पोतं लावून उठली मी. आता कवाडाच्या फटीतून डोकावली तं निजली होती टेकून. मले वाटलं तुमी बसले."

आम्ही दोघेही दाराशी धावलो.

यमुना मागे रेलून बसली होती. डोळे मिटलेले, श्वास संथ, ओठांचा निळेपणा गेलेला. किती दिवसांत ती अशी निजली नव्हती! पोते बाजूला कलंडले होते. तिच्या मागे भिंतीपर्यंत नुसती मोकळी जमीन. आणि पाठीवरचा पदर सपाट दबलेला... माणसाला टेकल्यावर दबतो तसा.

सखूबाई कुजबुजल्या, "कोन हाय वं मांगं?"

यमुनेने डोळे न उघडता सांगितले, "हळू बोला ना. डोया लागला त्याईचा."

माझ्या हातातली घेटुळी तशीच राहिली. पुढे व्हावे की नाही कळेना. तेवढ्यात मागचा माणूस एकदम उठावा तशी ती उताणी पडली. मी धावलो, पण डोके जमिनीवर आपटलेच. उचलून बसवली, तर श्वास पुन्हा भात्यासारखा.

"उठले काहून?" एवढेच ती विचारत राहिली.

मी तिच्या मागे बसलो. पाठीला तिचा श्वास लागत होता. दिवेलागणीला तो थांबला. पाहावे लागले नाही, माझ्या पाठीलाच आधी कळले.

गणूजी आला तोवर सगळे आटोपले होते. दहाव्यानंतर तो माझ्याजवळ येऊन बसला. सोमवारी दुपारी आम्ही काय पाहिले ते कोणी त्याला सांगितले नव्हते. विचारून खात्री केली आहे — मी नाही, सखूबाईंनीही नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "सोमवारी दुपारी, मूर्तिजापूरच्या पुढं, गाडी हाकून राह्यलो होतो. मागून कोनीतरी टेकलं. मांगं कापूसच होता, पन कापूस काय श्वास घेते? मी वळखलं. गाडी थांबवली अन् हाललो नाई. मागचे गाडीवान वरडून राह्यले, 'काबे गन्या, झोपला का?' शेवटी एकानं दंडाले धरून ओढलं. उठा लागलं."

मग तो म्हणाला, "मी उठलो तवा थे पडली का?"

मी म्हटले, "बैलांना पाणी दाखवलं का?" तो उठून गेला.

याचा उलगडा धर्मशाळेत येणाऱ्या डॉक्टरसाहेबांना विचारला, वैद्यबुवांना विचारला. नाही मिळाला. गणूजीला वाचता येत नाही, म्हणूनच हे इथे लिहू धजलो. भातकुलीला जातो तेव्हा तो माझ्या तोंडाकडे पाहतो, पण पुन्हा विचारत नाही. काय सांगायचे ते दर वेळी वाटेत ठरवतो. उद्या पुन्हा जायचे आहे. त्याला उत्तर द्यायचे अजून बाकी आहे.