रिक्षा थांबते तशी घोडी थांबत नाही

परवाच्या रविवारी मी आमच्या भाईंदरजवळच्या डोंगरीत एक घोडी थांबवली. हसू नका... घोडीवर चढायला स्टूल मिळतं, आणि पळायचं काम ती आपणहून करते. आपल्याला करायचं असतं ते एवढंच, तिला थांबवायचं.

डोंगरीत एक छोटासा रायडिंग क्लास आहे. कुंपण घातलेलं मैदान, मोजके घोडे आणि शिकवायला शलाका नावाची तिशीतली मुलगी. पन्नाशी ओलांडल्यावर मी तिथे नाव घातलं तेव्हा आमच्या ह्यांनी आधी कपाट उघडून माझा मेडिक्लेम चालू आहे ना ते बघितलं.

शलाकाचा नियम एकच. ज्याला नुसत्या आवाजाने घोडा थांबवता येतो त्यालाच फाटकाबाहेर, समुद्राकडे न्यायचं. बाकीच्यांनी आत गोल गोल फिरत राहायचं.

माझ्याबरोबरची कॉलेजची पोरं एकेक करून बाहेर गेली. मी आपली आतच... फाटकापाशी असणारे तिथलेच इनासभाऊ दर रविवारी विचारायचे, "ताई, आज तरी उघडू का न्हाय?"

आता या वयात हा हट्ट कशाला? त्याला कारण आहे. माझे काका अलिबागला टांगा चालवायचे. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिकडे जमायचो. काका भावांना पुढे मांडीवर घ्यायचे, लगाम हातात द्यायचे... आणि मुलींनी फ्रॉक सावरून मागे बसायचं. काका फार मायाळू होते, पण "आम्हाला पण द्या ना" म्हटलं की "मुलींचं काम न्हाय ते" एवढंच म्हणायचे. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही.

तर, लगाम हातात घेऊन समुद्रावर जायचं, हे मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं.

शलाकाचा थांबवायचा शब्द म्हणजे 'व्हो'. मला तो तोंडात बसेना, म्हणून घरी मोबाईलवर शोधत बसले. तर म्हणे हा इंग्रजी शब्द फार जुन्या काळी नुसता 'हो' होता, आणि आधी माणसांसाठीच होता. दोघांची जुंपली की तिसरा 'हो!' म्हणून ओरडायचा, की थांबा. घोड्यांच्या वाट्याला तो नंतर आला.

मी वाचतच राहिले. कारण काकांचा शब्दही तोच... 'होऽऽ'! आमच्या गावचे बैलगाडीवालेसुद्धा तेच म्हणायचे. आता कोणी कोणाकडून घेतला ते देव जाणे. मला वाटतं, धावतं जनावर थांबवायची वेळ आली की माणसाच्या तोंडून हेच निघत असावं.

पण शब्द कळला म्हणून घोडी थोडीच थांबते! त्या रविवारी माझी घोडी बिजली दुडक्या चालीने निघाली आणि खुणेच्या खांबाशी मी म्हटलं, "व्हो." ऑफिसात साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून "येऊ का?" म्हणते ना, त्या आवाजात. बिजलीने कानसुद्धा हलवला नाही.

मग मी घाबरले आणि माझ्यातलं भाईंदर जागं झालं. पुढे वाकले, तिच्या मानेवर थापा मारल्या आणि ओरडले, "बस बस, इधर ही! साइड में लेना!"

बिजली सुसाट सुटली. कुंपणापलीकडे आमचे हे व्हिडिओ काढत होते, ते हसून हसून वाकले.

"काकू, ती रिक्षा नाहीये!" शलाका ओरडली. "पुढे वाकलात की तिला वाटतं पळायचंय. मागे बसा! मागे!"

मागे बसा... हे दोन शब्द इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकले आणि माझं डोकंच सणकलं. पण त्याच क्षणी डोळ्यांसमोर आली ती काकांची पाठ.

टांग्यात मागे बसणाऱ्यांचं तोंड मागे पडणाऱ्या रस्त्याकडे असतं. पण मी सारखी मान वळवून काकांकडेच बघायचे. घर जवळ आलं की त्यांचे खांदे खाली यायचे, पाठ मागे रेलायची आणि छातीतला सगळा श्वास त्या एका शब्दातून सावकाश बाहेर पडायचा. आधी काका थांबायचे, मग घोडा.

मी मागे रेलले. खांदे सोडले. आणि पोटातून म्हटलं... होऽऽऽऽ.

बिजलीची चाल मोडली. ती चालायला लागली, दोन-चार पावलं टाकली आणि उभी राहिली. खांबासारखी उभी! मला इतका आनंद झाला की मी तिच्या मानेला मिठीच मारली, आणि ती पुन्हा चालायला लागली. पुन्हा होऽऽऽ. पुन्हा उभी. शलाका टाळ्या वाजवत होती, ह्यांचं हसणं बंद झालं होतं.

या वेळी इनासभाऊंनी काही विचारलंच नाही. सरळ जाऊन फाटक उघडलं आणि म्हणाले, "जावा ताई, दर्या वाट बगते हाय."

समोर समुद्र, खाली बिजली, लगाम माझ्या हातात. मी रडले, हो, भरपूर रडले. मनातल्या मनात काकांना नमस्कार केला... लगाम दिला नाहीत, पण शब्द तुमचाच कामाला आला.

संध्याकाळी ह्यांनी तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. थोड्या वेळाने अलिबागहून मोठ्या भावाचा मेसेज आला, "अगं, हुबेहूब काका! लगाम आम्ही धरायचो, पण असं थांबवणं आम्हाला कधीच जमलं नाही. तू कुठे शिकलीस?"

मी लिहिलं, "मागे बसून."